मजूर कोणाला म्हणावे?

कामगार संघटनांची आता गरज उरली आहे काय, हा प्रश्न हल्ली सुशिक्षितांच्या बैठकीत हमखास निघतो. विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा तयारच असते. गिरण्या गेल्या, लाल बावटा गेला, पुढारी मोठे झाले आणि कामगार देशोधडीला लागले. आता मोबाईलच्या काळात युनियन कशाला? आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवणारी माणसे. आमच्या स्टाफरूममध्येही हा प्रश्न निघतो, आणि तो काढणारे सहसा कायम झालेले, नियमित पगार घेणारे सहकारी असतात. ज्यांच्या नेमणुकीची मान्यता अजून अडकलेली आहे, ते अशा वेळी चहाच्या कपात पाहत गप्प बसतात. या गप्प बसणाऱ्यांकडे पाहून आम्हाला वाटते की प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते आहे. युनियन हवी की नको, हे नंतर. आधी हे ठरवावे लागते की मजूर कोणाला म्हणावे. आणि या प्रश्नावर आमच्या नागपूरजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पाठ्यपुस्तकात मात्र त्यातले फारसे येत नाही.

नागपूरचा जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, त्याच्याजवळ जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल उभारली. कंपनी १८७४ ची. मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले, म्हणून नाव एम्प्रेस. ही हकीकत नागपुरात बहुतेकांना ठाऊक असते. त्याच १८७७ साली त्याच मिलमध्ये मजुरीच्या दरावरून कामगारांनी काम थांबवले, ही हकीकत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. हिंदुस्थानातल्या पहिल्यावहिल्या संपांत हा संप गणला जातो. इतिहासाच्या ग्रंथांत त्याला एखादी ओळ मिळते. तेव्हा युनियन नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली ती १८८४ साली, आणि युनियनला कायद्याने मान्यता देणारा ट्रेड युनियन्स अॅक्ट आला १९२६ साली. म्हणजे संप आधी झाला आणि कायदा एकोणपन्नास वर्षांनी आला. युनियन ही कुणा पुढाऱ्याने बाहेरून आणलेली वस्तू आहे असे समजणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एम्प्रेसचा मालक काही जुलमी नव्हता. या मिलमध्ये १८८६ साली पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. हवा दमट ठेवणारी आणि आग विझवणारी यंत्रे तेथे फार लवकर बसली. सरकारने कायदा करण्याच्या कितीतरी आधी मालकाने हे आपणहून केले. आम्ही हे मोकळ्या मनाने कबूल करतो. चांगल्याला चांगले म्हणण्याने कामगारांची बाजू लंगडी होत नाही. पण जे मालकाच्या मर्जीने मिळते ते मालकाच्या मर्जीपर्यंतच राहते. १९८६ मध्ये ही मिल टाटांकडून राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि नव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. आज त्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे. मॉलमध्ये काचेच्या दारापाशी बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या पोराला विचारा, तुझा मालक कोण? तो ठेकेदाराचे नाव सांगेल, किंवा तेही त्याला नीट सांगता येणार नाही. १८७७ च्या कामगाराला निदान कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे हे माहीत होते.

कामगार चळवळीच्या मोठ्या राजकारणातही नागपूरचे नाव दोनदा येते, आणि दोन्ही वेळा फुटण्या-जुळण्याच्या संदर्भात. १९२९ च्या अखेरीस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या मजूर आयोगावर बहिष्कार टाकायचा की नाही, यावरून भांडण पेटले आणि ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी, दिवाण चमनलाल ही मंडळी बाहेर पडली. त्यांनी वेगळे फेडरेशन काढले. नऊ वर्षांनी, १९३८ साली, नागपुरातच या दोन गटांचा पुन्हा मेळ बसला. गिरणी कामगारांचे नेते रा. स. रुईकर हे या काळातले नागपूरचे मोठे नाव. आजही शहरात एक रस्ता त्यांच्या नावाने आहे, पण त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना रुईकर कोण हे सांगता येत नाही. तसेच मोर्चात दिल्या जाणाऱ्या घोषणेचे. 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा मौलाना हसरत मोहानी यांनी रूढ केली, हे घोषणा देणाऱ्यांना ठाऊक नसते आणि उर्दू वाचणाऱ्या आमच्या लोकांना हसरत फक्त गझलेपुरते ठाऊक असतात. हा माणूस १९२५ साली कानपूरला भरलेल्या कम्युनिस्ट परिषदेच्या स्वागत समितीचा अध्यक्ष होता.

असो. गिरणीच्या आतही सगळे मजूर सारखे नव्हते. धागा तुटला की धोट्यातून तो तोंडाने ओढावा लागे. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेतले जात नसे, आणि विणकामाची मजुरी जास्त होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी पुढे रेटली. मालकाविरुद्ध एक झालेले कामगार आपल्यातल्या कामगाराला मात्र शेजारच्या खात्यात येऊ देत नव्हते. कामगार एकजुटीचे गोडवे गाताना ही बाब आम्ही वगळू इच्छित नाही.

गिरणीच्या फाटकाबाहेर तर फार मोठी वस्ती होती. मोमिनपुऱ्यातला आणि कामठीतला मोमीन विणकर घरच्या मागावर बसत असे. सूत व्यापाऱ्याचे, उधारीवर. लुगडे त्याच व्यापाऱ्याच्या भावाने. हा मालक की मजूर? कोणत्याच युनियनला त्याचे उत्तर सापडले नाही. आणि दुसरी वस्ती विडी कामगारांची.

विडीचा धंदा ज्यांनी जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलातला तेंदूपत्ता येतो. सट्टेदार, म्हणजे कारखानदाराचा ठेकेदार, मोजून पाने आणि तोलून तंबाखू देतो. बाई घरी सूप मांडीवर घेऊन पाने कापते, भरते, वळते, दोरा बांधते. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांवर. पाने फाटकी निघाली तर तूट तिची. आणि विड्या परत नेल्या की छाट. ही वाकडी, ही सैल, ही आखूड, असे म्हणून सट्टेदार मूठभर विड्या बाजूला काढतो. त्यांची मजुरी नाही. आणि त्या विड्या फेकल्याही जात नाहीत! या छाटीने किती घरांचे किती पैसे गेले याचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिलेला नाही.

या लोकांना संघटित करण्याचे काम कामठीचे बाबू हरदास यांनी केले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे म्हणून ते ओळखले जातात. विडी मजुरांचे संघटक म्हणून त्यांची ओळख तेवढी सांगितली जात नाही. १९३७ च्या निवडणुकीत ते निवडून आले आणि १९३९ च्या जानेवारीत, अवघ्या पस्तिशीत, क्षयाने गेले.

आता ज्या खटल्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. 'बिरधीचंद शर्मा विरुद्ध फर्स्ट सिव्हिल जज, नागपूर' या नावाने तो १९६१ च्या निकालपत्रांत आहे. नागपूरच्या एका विडी कारखान्यातल्या तीन कामगारांनी पंधरा दिवसांची रजा घेतली आणि त्या दिवसांची मजुरी मागितली. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की हे आमचे कामगारच नव्हेत. ते वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात. त्यांना तास बांधलेले नाहीत. विड्या वळतील तेवढे पैसे घेतात. हे स्वतंत्र माणसे आहेत; यांना रजा कसली?

वाचकांनी हा युक्तिवाद पुन्हा एकदा वाचावा. आज मोबाईलवरच्या कंपन्या डिलिव्हरी करणाऱ्या पोरांविषयी जे बोलतात ते शब्दाशब्दाने हेच आहे. वेळ तुमची, मर्जी तुमची, तुम्ही आमचे नोकर नाही.

सर्वोच्च न्यायालयाने बारकाईने पाहिले. माणूस केव्हाही येतो हे खरे. पण दुपार उलटल्यावर आला तर त्याला पान-तंबाखू मिळत नाही. त्याची हजेरी लागते. न कळवता काही दिवस आला नाही तर त्याला काढता येते. कसाला न उतरलेली विडी नाकारण्याचा अधिकार कारखान्याकडे आहे. मग हा स्वतंत्र कसा? न्यायालयाने त्यांना कामगार ठरवले आणि रजेची मजुरी कायम केली. तीन माणसांची पंधरा दिवसांची मजुरी ती किती असणार? तरी तेवढ्यासाठी कारखाना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, कारण अडचण पैशाची नव्हती, शब्दाची होती. एकदा 'कामगार' म्हटले की त्यामागून बाकी सगळे येते.

आणि थोड्याच अवधीत त्याच न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका विडी कारखान्याच्या खटल्यात, शंकर बालाजी वाजे यांच्या प्रकरणात, उलटा निकाल दिला. तेथल्या विडी वळणाऱ्यावर मालकाचा पुरेसा ताबा नाही, म्हणून तो कामगार नव्हे. सूप तेच, पाने तीच, कात्री तीच; एक जण कामगार ठरला, दुसरा नाही. घरी बसून वळणाऱ्या बाईचा तर दोन्ही निकालांत विचार नव्हता. हा घोळ मिटला तो १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने. घरी विडी वळणारीही कामगार, पाने किती द्यायची आणि छाट किती काढायची याचा तंटाही कायद्याच्या कक्षेत, असे त्यात आले. कारखानदार पुन्हा न्यायालयात गेले आणि १९७४ साली हा कायदा वैध ठरला. विडी मजुरांच्या संघटना नसत्या तर एवढ्या तपशिलाचा कायदा झाला असता असे आम्हाला वाटत नाही. छाट हा शब्द दिल्लीत बसलेल्या माणसाला कुठून सुचणार? तो विड्या वळणाऱ्यांच्याच तोंडून तिथवर गेला असणार.

कायदा झाला म्हणून काम संपले नाही, हे आम्ही शाळेत पाहतो. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. तिचे अर्ज भरायला आम्ही बसतो तेव्हा आईला विचारावे लागते, काय काम करता? "कुछ नहीं साब, घर में रहती हूँ." बोटे तंबाखूने पिवळी पडलेली असतात आणि उत्तर हे. विडी कामगाराचे ओळखपत्र आहे का? नाही, सट्टेदाराच्या वहीत नाव तिचे नाही, सासूचे आहे, किंवा कोणाचेच नाही. कार्ड नाही, तर शिष्यवृत्ती नाही. कायद्याने ती १९६६ पासून कामगार आहे. तिच्या स्वतःच्या हिशेबी ती अजून काहीच करत नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात सांगितले होते की मुसलमानांत पगारी नोकरीत असणारे कमी, स्वतःच्या धंद्यावर आणि असंघटित कामावर असणारे जास्त, आणि घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण इतरांहून अधिक. अहवालातला हा तक्ता आमच्या शाळेच्या व्हरांड्यात रांग लावून उभा असतो.

घर हेच कामाचे ठिकाण असेल तर युनियन होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना नागपूरनेच उत्तर दिलेले आहे. प्रा. रूपा कुळकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना बांधली. हिला फाटक नाही, भोंगा नाही, एक मालकही नाही; एकेका बाईच्या चार-चार मालकिणी. आणि मालकीण म्हणणार, ती तर आमच्या घरच्यासारखी आहे! घरच्या माणसाला पगारी सुट्टी मागता येत नाही, ही या गोड शब्दातली मेख. अशा बायांना वस्तीवस्तीतून गोळा करून नागपूरच्या रस्त्यावर मोर्चे निघाले, आणि अशा संघटनांच्या वर्षानुवर्षांच्या रेट्यानंतर २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मंडळाचे पुढे जे भिजत घोंगडे पडले तो वेगळा विषय आहे. पण 'मोलकरीण' ऐवजी 'घरेलू कामगार' हा शब्द सरकारी कागदावर आला.

आम्हा शिक्षकांची गोष्टही फार वेगळी नाही, फक्त आमचे कपडे इस्त्रीचे. २००० साली राज्यात शिक्षण सेवक योजना आली. पहिली तीन वर्षे शिक्षक नव्हे, सेवक. वेतन नव्हे, मानधन. प्राथमिकला महिना ३००० रुपये, माध्यमिकला ४०००. आम्ही लागलो तेव्हा माध्यमिकचे मानधन ८००० होते. २०२३ साली ते १८००० झाले. सेवक हा शब्द मोठा पवित्र आहे. सेवा करणाऱ्याने भाव करू नये अशी आपली तालीम असते, आणि तिचा उपयोग कोण करून घेतो हे आम्ही डी.एड.-बी.एड. झालेल्यांनी तरी ओळखावे. 'कायम विनाअनुदानित' हा दुसरा शब्द. २००१ च्या धोरणाने कित्येक शाळांच्या कपाळी 'कायम' लागले. वर्षामागून वर्षे मोर्चे निघाल्यावर २००९ साली तो एक शब्द काढण्यात आला. एक शब्द! पण त्या एका शब्दामागे हजारो घरांची चूल होती. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपूरला भरले की पोलिसांनी अडवलेल्या रस्त्यावर बसलेल्या या शिक्षकांत उर्दू शाळांचे शिक्षकही असत.

वाचकांपैकी अनेकांना आश्चर्य वाटेल, पण औद्योगिक विवाद कायद्याच्या दृष्टीने शिक्षक हा कामगार नव्हताच. १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या, सुंदरंबाळ यांच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसे ठरवले. महाराष्ट्रात खाजगी शाळेतल्या शिक्षकाला चौकशीशिवाय काढता येत नाही ते १९७७ च्या वेगळ्या कायद्यामुळे. म्हणजे स्टाफरूममध्ये 'युनियन कशाला' म्हणणारा आमचा सहकारी ज्या भिंतीला टेकून बसला आहे, ती भिंतही अशाच धडपडीतून उभी राहिली आहे.

आता युनियनवरचे आक्षेप. ते खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी जो संप केला, त्यात अडीच लाखांच्या आसपास माणसे उतरली आणि तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मालकांना गिरणीपेक्षा गिरणीच्या जमिनीत जास्त रस उरलेला असताना केलेला संप कोणाला दुखावणार होता? आमच्या शिक्षक संघटनांत विधान परिषदेच्या तिकिटाकडे डोळा ठेवून काम करणारे नाहीत काय? आणि सगळ्यात मोठा दोष आमच्या मते हा की, कायम कामगारांच्या युनियनने शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला आपले म्हटले नाही. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, त्याला आमचा पाठिंबा होता. पण ज्या शाळेत तासिकेवर शिकवणारी मुलगी आहे, तिच्यासाठी कोणी एक दिवस तरी फळा सोडला? जुन्या गिरणीतले विणकाम खाते आम्ही वेगळ्या रूपात चालवतो आहोत.

एवढे असूनही युनियन नको असे आम्हाला म्हणवत नाही, कारण शब्दांची ही लढाई आता नव्याने सुरू झाली आहे. आमच्या शाळेतून दहावी झालेली पोरे पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून धरमपेठ, सदरच्या इमारतींत जेवण पोहोचवतात. त्यांना 'पार्टनर' म्हणतात. भागीदार! भागीदाराला नफ्यात वाटा असतो. यांना एका ऑर्डरचा दर कोणी ठरवला तेही कळत नाही, आणि आयडी बंद झाला तर कोणाच्या दारात जावे हेही कळत नाही. छाट आता मोबाईलमध्ये गेली आहे, इतकेच. इंग्लंडमध्ये उबरच्या चालकांनी हाच प्रश्न न्यायालयात नेला. तो नेणाऱ्यांत यासीन अस्लम हे एक होते, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने या चालकांना कामगारांचे हक्क असल्याचे ठरवले. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. सामाजिक सुरक्षा संहितेत अशा 'गिग' कामगाराचे नाव आले ही चांगली गोष्ट. पण व्याख्येतच म्हटले आहे की तो मालक-नोकर या परंपरागत नात्याच्या बाहेरचा. नागपूरच्या त्या तीन विडी मजुरांनी जे दार उघडून घेतले होते, त्याच्या उंबरठ्याबाहेर याला खुर्ची टाकून दिली आहे. याच संहितांनी १९२६ चा ट्रेड युनियन्स अॅक्ट आणि १९६६ चा विडी कायदा रद्द होऊन त्यांतली काही कलमे नव्या संहितांत गेली. कामगार कपात करायला सरकारची परवानगी लागायची ती कारखान्यात १०० कामगार असल्यास. आता ही मर्यादा ३०० आहे. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांना लागू झाली.

मजुराच्या घामाविषयीची हदीस आपल्या घराघरांत पाठ असते. वाज़मध्ये, लेखांमध्ये आपण ती अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. ती मजुरी देणाऱ्याला त्याचे कर्तव्य सांगते. ते कर्तव्य जो टाळतो, जो म्हणतो की हा माझा मजूरच नव्हे, त्याच्यासमोर त्या मजुराला एकटे उभे करायचे की नाही, हे मात्र मोहल्ल्याने ठरवायचे आहे. मोमिनपुऱ्यात लग्नासाठी, कब्रस्तानासाठी, मदरशासाठी कमिट्या आहेत. विडी वळणाऱ्या बायांची नावे सट्टेदाराच्या वहीत आहेत की नाहीत हे पाहणारी कमिटी नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही युनियनच्या नोंदणीचा अर्ज करायला सात जण लागतात. मात्र त्या कारखान्यातले वा धंद्यातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे, तिचे सभासद असले पाहिजेत. आमच्या एका वर्गातल्या मुलांच्या आया मोजल्या तरी सात सहज भरतात.